केसाच्या मुळाला मिळालेलं अभय, आणि ते कधी हरवतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला. डॉक्टरांनी चाई आहे म्हणून सांगितलं आणि कारण दिलं, की तुमची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठली आहे. तुम्ही वाचायला बसलात तर भलतंच सापडलं: केसांची मुळं म्हणे प्रतिकारशक्तीपासून सुरक्षित ठेवलेली असतात. मग दोन्ही खरं कसं? औषध घ्यायचं ते प्रतिकारशक्ती वाढवणारं की कमी करणारं? आणि जाता जाता एक ओळ, की चट्ट्यात आता पांढरे केस उगवतायत, ते उपटावेत का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. चाईचे रुग्ण २२ वर्षं पाहतोय आणि तुमचा पहिला प्रश्न फार कमी लोक विचारतात. बहुतेकांना फक्त मलमाचं नाव हवं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक अट. तुमचं डोकं मी पाहिलेलं नाही. गुळगुळीत, खाज नाही, खपली नाही, असा गोल चट्टा बहुतेक वेळा चाईचाच निघतो, पण बुरशीचा संसर्ग, केस घट्ट बांधून सतत ताणले जाणं, नकळत केस ओढायची सवय, किंवा व्रण ठेवून जाणारे काही आजार वरवर तसेच दिसू शकतात. डर्माटोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, चट्ट्याच्या कडेला मुळाशी निमुळते आणि टोकाला जाड असे तुटके केस दिसले, की माझी खात्री पटते. उद्गारचिन्हासारखे दिसतात म्हणून आम्ही त्यांना तेच नाव दिलंय. पुढचं सगळं तुमचं निदान बरोबर आहे असं धरून.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोळ 'सुरक्षित' या शब्दात आहे. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी येते. केसाच्या मुळाभोवती तशी तटबंदी नाही. तिथे आहे ती लपून राहण्याची आणि आसपासच्या पहारेकऱ्यांना शांत ठेवण्याची एक खटपट. मुळातल्या पेशी ती अखंड चालू ठेवतात. खटपट चालू आहे तोवर केस वाढतो. ती कोलमडली की चाई. शास्त्रात या स्थितीला इम्यून प्रिव्हिलेज म्हणतात. मी रुग्णांशी बोलताना 'अभय' म्हणतो. अभय कुणीतरी द्यावं लागतं आणि ते काढूनही घेता येतं, म्हणून मला तो शब्द जास्त पटतो.

ही कल्पना केसांपासून सुरू झाली नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ साली सशांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं, की दुसऱ्या सशाची त्वचा अंगावर लावली तर शरीर ती नाकारतं, पण डोळ्याच्या पुढच्या पोकळीत तीच त्वचा टिकू शकते. मेंदूतही तसंच, मात्र त्या सशाच्या शरीराला त्या परक्या त्वचेची आधीच ओळख झालेली नसेल तरच. म्हणजे शरीरात काही जागा अशा आहेत जिथे प्रतिकारयंत्रणा नेहमीच्या त्वेषाने चालून जात नाही. डोळा, मेंदू, वृषण, गर्भारपणातली वार. या यादीत केसाचं मूळ बसवलं ते मेडावर यांचेच सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम यांनी. त्यांनी काळ्या गिनीपिगच्या त्वचेचा वरचा थर पांढऱ्या गिनीपिगवर बसवला. कलम अपेक्षेप्रमाणे नाकारलं गेलं. पण काही दिवसांनी त्या पांढऱ्या जनावराच्या अंगावर तिथे काळे केस उगवू लागले. परक्या रंगपेशींपैकी ज्या सरकून केसांच्या मुळात शिरल्या होत्या तेवढ्या वाचल्या, उघड्यावर राहिलेल्या मारल्या गेल्या. १९७१ च्या सुमाराची ही गोष्ट. मला तो प्रयोग आजही फार देखणा वाटतो, कारण पुरावा केसाच्या रंगानेच दिला.

१९९९ साली माणसातही काहीसं असंच दिसलं. एका पुरुषाच्या डोक्यावरच्या केसांच्या मुळाभोवतीचं पेशींचं पातळ आवरण काढून, त्याच्याशी रक्ताचं नातं नसलेल्या एका बाईच्या हातावर ते बसवलं गेलं. तिथे नवे केस आले आणि शरीराने त्या पेशी झिडकारल्या नाहीत. हे सांगितलं की हमखास कुणीतरी विचारतं, "मग भावाचे केस मला लावता येतील का?" नाही. ते अभय मुळाच्या ठरावीक भागापुरतं आहे. अख्खं मूळ दुसऱ्याच्या डोक्यातून काढून लावलं तर शरीर ते नाकारतंच.

हा 'ठरावीक भाग' नीट समजून घेणं महत्त्वाचं आहे. केसाचं मूळ म्हणजे त्वचेत तिरकी रोवलेली एक लांबट पिशवी. तिचं वरचं तोंड उघडं असतं. तिथे जंतू राहतात, घाम-तेल येतं, आणि म्हणून प्रतिकारयंत्रणेचे पहारेकरीही तिथे गर्दी करून असतात. वरचा भाग म्हणजे उघडी वेस, तिथे कसलंही अभय नाही. खाली तळाशी कंद असतो, जिथे पेशी झपाट्याने विभागून केस घडवतात आणि त्यात रंग भरतात. अभय आहे ते या कंदाला, आणि तेही केस वाढत असताना. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत कंद आक्रसतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती, मग तो गळून नवा केस. दर फेरीत कंद मोडून पुन्हा बांधला जातो, म्हणजे त्याचं अभयही दर फेरीत नव्याने उभं राहतं. अभयाची दुसरी जागा जरा वर आहे. अंगावर काटा आणणारा छोटा स्नायू जिथे मुळाला चिकटतो, तिथे एक फुगवटा असतो आणि त्यात मूळपेशींचा (स्टेम सेल्सचा) साठा असतो. या दोन जागा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता ही खटपट नेमकी काय असते? शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय बनतंय त्याचे नमुने पृष्ठभागावर टांगून ठेवते. हे नमुने ज्या खुंट्यांवर टांगतात त्या म्हणजे एमएचसी क्लास वन नावाचे रेणू. प्रतिकारयंत्रणेच्या गस्तीवरच्या टी पेशी ते वाचत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला की पेशी मारतात. कंदातल्या पेशी या खुंट्याच जवळजवळ काढून टाकतात. टांगलंच नाही तर वाचणार काय?

पण इथे एक पेच आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक तोच वाटतो. खुंट्या काढून टाकणं ही विषाणूंचीही जुनी युक्ती आहे. तिच्यावर उतारा म्हणून शरीराने नॅचरल किलर नावाच्या पेशी ठेवल्या आहेत. त्यांचं काम उलट चालतं: जिच्या अंगावर खुंट्या नाहीत ती पेशी संशयित, मारा. म्हणजे टी पेशींपासून लपायला जावं तर किलर पेशींच्या तावडीत सापडावं. इकडे आड तिकडे विहीर. कंद यातून वाट काढतो ती अशी, की किलर पेशींना आवर घालणारी रसायनं तो स्वतः सोडतो (त्यातलं एक एमआयएफ), आणि 'मी संकटात आहे' असं सांगणारे जे झेंडे पेशी एरवी उभारतात ते खालीच ठेवतो. शिवाय टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-१० आणि अल्फा-एमएसएच ही शांत करणारी द्रव्यं आसपास पसरवतो. अल्फा-एमएसएच हे रंगद्रव्य बनवायला सांगणारं संप्रेरक आहे, आणि तेच इथे पहारेकऱ्यांनाही थोपटतं. कंदाच्या जवळ पहारेकरी पेशी मुळातच विरळ असतात, आणि असतात त्याही सुस्तावलेल्या. वरच्या फुगवट्यातल्या मूळपेशी आपल्या अंगावर सीडी२०० नावाचा रेणू मिरवतात. त्याचा अर्थ साधारण असा, की 'आमच्या वाटेला जाऊ नका'.

इतका आटापिटा कशासाठी? बहुतेक संशोधकांचा रोख रंगाकडे आहे. केसात रंग भरण्याचं काम फक्त वाढीच्या काळात चालतं, आणि त्या कामात बनणारी काही प्रथिनं टी पेशींना परकी वाटू शकतात. माझ्या टेबलासमोर दिसणारी एक गोष्ट याला पुष्टी देते. चाईत काळे केस आधी गळतात आणि पांढरे बहुधा मागे राहतात. डोकंभर पसरणारी चाई एकदम आली तर मिश्र केसांच्या माणसाचे काळे केस गळून पांढरेच उरतात, आणि लोक म्हणतात रात्रीत डोकं पांढरं झालं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस शिरच्छेदाच्या आदल्या रात्रीत पांढरे झाले असं सांगतात, ती गोष्ट अशीच काही असावी. उगवलेला काळा केस एका रात्रीत पांढरा होत नाही.

आता बिघाड. काहीतरी कारणाने कंदाच्या आसपास इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य वाढतं. प्रयोगशाळेत माणसाच्या केसांची मुळं काचपात्रात वाढवून त्यात हे द्रव्य घातलं, की लपवलेल्या एमएचसीच्या खुंट्या पुन्हा बाहेर येतात. उलट अल्फा-एमएसएच किंवा टीजीएफ-बीटा घातलं की त्या पुन्हा कमी होतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रयोगात आहे. खुंट्या बाहेर आल्या की टी पेशी वाचायला येतात. त्यांतल्या सीडी८ जातीच्या, अंगावर एनकेजी२डी हा रिसेप्टर (खुणा ओळखणारा रेणू) असलेल्या पेशी संकटाचे झेंडे ओळखतात. २०१० साली चाईच्या रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात धोका वाढवणाऱ्या जागांमध्ये नेमकी हे झेंडे बनवणारी जनुकं सापडली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना 'अच्छा, म्हणजे असं आहे तर' झालं. आलेल्या टी पेशी आणखी इंटरफेरॉन सोडतात. त्याला उत्तर म्हणून मुळातल्या पेशी इंटरल्यूकिन-१५ सोडतात, त्याने टी पेशी आणखी चेकाळतात. सूक्ष्मदर्शकाखाली कंदाभोवती या पेशींचा असा घोळका दिसतो, की मोहोळ उठल्याची आठवण यावी.

मार खाल्लेला कंद मरत नाही. तो केस बनवणं सोडतो आणि अवेळी विश्रांतीत जातो. थोड्या दिवसांनी पुन्हा वाढायला बघतो, पुन्हा मार खातो. महिनोन्महिने हेच चालू राहू शकतं. पण वरचा फुगवटा, मूळपेशींचा साठा, चाईत सहसा शाबूत राहतो. म्हणून पाच वर्षांनीही केस परत येऊ शकतात. लायकेन प्लानोपिलारिससारख्या आजारांत याच फुगवट्याचं अभय जातं, साठाच नष्ट होतो आणि तिथे कायमचा व्रण उरतो. माझ्यासमोर चट्टा आला की मी सगळ्यात आधी बोटांनी आणि भिंगाने पाहतो ते हेच, की केसांची छिद्रं दिसतायत का. छिद्रं दिसली की मी निवांत बोलायला लागतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमच्या केसांना अभय होतं, एका भागात ते मोडलं, मोहोळ आलं, कंद गप्प बसला, साठा मात्र बहुधा जागेवर आहे.

मग प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची? प्रश्नच थोडा तिरका आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की पातळी वाढवली किंवा उतरवली. तुमच्या शरीराची सर्दी-तापाशी लढण्याची ताकद कमीही नाही आणि जास्तही नाही. एका बारीकशा जागी समझोता मोडलाय. म्हणून 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून जे काही विकलं जातं त्याने तुमचा केस परत येणार नाही. आणि एका चट्ट्यासाठी अख्ख्या शरीराची यंत्रणा दाबून ठेवणं म्हणजे चामड्याच्या वादीसाठी अख्खी म्हैस मारणं.

उपचार काय हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. चट्टा एक की दहा, किती दिवसांचा, वय काय, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, दमा-इसबाची प्रवृत्ती आहे का, चट्टा कानामागून मानेच्या कडेने पट्ट्यासारखा पसरतोय का. मागची ही पट्टेरी चाई हट्टी असते, म्हणून तुमचा चट्टा केसांच्या कडेला लागून आहे की मधोमध, हे आरशात बघून घ्या. एक-दोन छोटे चट्टे असलेल्या पुष्कळ लोकांचे केस वर्षभरात काहीही न करता येतात. त्यामुळे कुणी 'माझ्या तेलाने आले' म्हणालं तर त्याला खोटं पाडता येत नाही, पण श्रेयही देता येत नाही.

वाट बघायची नसेल तर प्रौढांमध्ये माझी पहिली पसंती चट्ट्यातच स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. औषध मोहोळावरच पडतं आणि उरलेल्या शरीराला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. कधी कधी टोचलेल्या जागी त्वचा थोडी खोल जाते, ती बहुतेकदा भरून येते. लहान मुलांना सुया टोचण्यापेक्षा मी मलम किंवा लोशन देतो. मोठ्या भागावर डायफेनसायप्रोन नावाचं रसायन लावून मुद्दाम हलकी ॲलर्जी उठवायची पद्धतही आहे. ऐकायला उफराटी वाटते, पण काही जणांमध्ये त्या दुसऱ्या भांडणात पहिलं भांडण विसरलं जातं.

डोक्याचा बराच भाग गेलेल्यांसाठी चित्र अलीकडे खरोखर बदललं. वर सांगितलेलं इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन-१५ चं दुष्टचक्र पेशीच्या आत जॅक नावाच्या प्रथिनांमधून फिरतं. ती अडवणारी औषधं चाईवर चालतात हे २०१४ मध्ये उंदरांत आणि काही रुग्णांत दिसलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने तीव्र चाईसाठी प्रौढांना बॅरिसिटिनिब २०२२ मध्ये, आणि १२ वर्षांपुढच्यांना रिटलेसिटिनिब २०२३ मध्ये मंजूर केलं. दहा-दहा वर्षं टोपी न काढलेली माणसं मी कंगवा विकत घेताना पाहिलीयत. पण ही औषधं सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि कावीळीच्या विषाणूंची तपासणी लागते, रक्त वरचेवर तपासावं लागतं, नागीण उठू शकते, रक्तात गुठळी होण्याचा इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेला असतो, आणि बंद केली की अनेकांचे केस पुन्हा जातात. म्हणजे ती मोहोळाला धूर करतात. अभय परत मिळवून देतात असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एका नाण्याएवढ्या चट्ट्यासाठी मी ती देणार नाही.

ताणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातलं कुणीतरी म्हणणारच, म्हणून सांगतो. ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून सुटणारं सबस्टन्स पी हे द्रव्य कंदाचं अभय ढिलं करतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण तेवढ्यावरून 'तुझ्या टेन्शनमुळे झालं' म्हणणं बरोबर नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका शाळकरी मुलीच्या आईला असंच सहज बोलून गेलो. पुढच्या भेटीत कळलं, की त्या बाईंनी मुलीचा नाच बंद केला, अभ्यास कमी केला आणि रोज रात्री स्वतःला दोष देत बसल्या. केस तरीही गेले, आणि नंतर आले तेही नाच बंद असताना नव्हे, पुन्हा सुरू झाल्यावर. यातून नाचाने केस येतात असंही सिद्ध होत नाही. त्यानंतर मी ते वाक्य वापरायचं सोडलं.

तपासण्यांमध्ये मी थायरॉइड बघायला सांगतो, कारण चाईच्या जोडीने थायरॉइडचे आजार आणि कोड इतरांपेक्षा जास्त आढळतात. बाकी लांबलचक ॲलर्जी पॅनेलवर पैसे घालवू नका.

आता पांढरे केस. चट्ट्यात मऊ, पांढरी लव दिसायला लागणं ही सहसा चांगली खूण आहे. कंद पुन्हा कामाला लागलाय, रंगाचं खातं अजून उघडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रंग बहुतेकांमध्ये पुढच्या काही महिन्यांत येतो. काहींच्या केसांची एखादी बट पांढरीच राहते. ते केस उपटू नका, चट्ट्यावर वस्तरा फिरवून 'दाट येतील' म्हणूनही बघू नका. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून एक फोटो काढून ठेवा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे रोज आरशात पाहून काही कळत नाही. चट्ट्याच्या कडेचे केस हलकेच ओढून बघा. ते सहज हातात यायला लागले, किंवा नवा चट्टा दिसला, तर महिना संपायची वाट न पाहता दाखवून या.